नवव्या जागेची चिठ्ठी

रविवार, २९ सप्टेंबर १९०७

ही वही दोन्ही बाजूंनी उघडते. पुढून उघडली तर पैजा, मागून उघडली तर मी. कुणी छापा घातलाच तर दोन्ही एकदमच शेगडीत जातील, त्यामुळे वेगळी काळजी नाही. पण छापा घालणार कोण? आमचा पोलीस शिपाई पर्व्हिस दर शनिवारी घोड्यांवर 'बिशप' या नावानं शिलिंग लावतो आणि हरला की मलाच डोळे वटारून दाखवतो. रस्त्यावर पैज घेणं गेल्या वर्षापासून गुन्हा ठरलं, म्हणून गावात प्रत्येकाला एक खोटं नाव आहे. नाणं चिठ्ठीत गुंडाळायचं, चिठ्ठीवर ते नाव लिहायचं आणि खाणीच्या फाटकात माझ्या खिशात सोडून पुढे चालू लागायचं. कुठलं नाव कुणाचं हे फक्त मला ठाऊक.

माझा गुडघा आठ वर्षांपूर्वी छत कोसळलं तेव्हा गेला. तेव्हापासून मी वर, उजेडात, पट्ट्यावरून जाणाऱ्या कोळशातले दगड वेचतो. ते काम म्हाताऱ्यांचं आणि पोरासोरांचं, पगारही तसाच. पैजा घेतल्या नसत्या तर माझ्या बायकोला, बेलाला, रविवारी मांस दिसलं नसतं. बेला चॅपलमध्ये जाते, पैजांना पाप म्हणते आणि मांस उत्तम शिजवते.

आज मागचं पान उघडायचं कारण, मी एक नवं खूळ काढलंय. शनिवारी सोडत आहे. थॉर्नलॉच्या खाणीत कुणी कुठं कोळसा फोडायचा हे साहेब ठरवत नाही, युनियनही ठरवत नाही, दोन टोप्या ठरवतात. एका टोपीत जागांचे आकडे, दुसरीत जोड्यांची नावं. जी जागा लागेल तिथं त्या दोघांनी तीन महिने काढायचे, कुरकुर करायची नाही. चाळीस जागांत सगळ्यात वाईट नववी. गुडघाभर पाणी, छत कमरेएवढं आणि तेही सारखं करकरणारं. नावांच्या टोपीत हात घालायचा मान सहा वर्षं माझ्याकडे आहे. मी खाली जात नाही, मला कुठलीच जागा लागायची नाही, आणि माझ्या व्यवहाराबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही.

तर आता नववी जागा कुणाला लागणार यावर मी पैजा घेणार आहे. एकाला तीस.

"सोडतीवर पैज?" बेला म्हणाली. "जगातले घोडे संपले का?"

"बायबलात येशूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्याच की."

"टाकल्या कुणी ते आठव जरा. त्याला क्रुसावर चढवणाऱ्यांनी."

हात घालणारा मी आणि वहीही माझीच, यात काही वावगं आहे असं गावात कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

धंदा जोरात. गंमत अशी की जो तो स्वतःवरच लावतोय. नववी लागली तर निदान हातात काही पडावं, म्हणून. दैवाला आधीच दोन पैसे चारून ठेवायचे म्हणा ना.

जॉस लोव्स तर माझ्या खुळाची वाट बघत असल्यासारखा आला. जॉस म्हणजे खाली अकरा वर्षं माझा जोडीदार. माझा गुडघा गेल्यावर त्यानं अँथनी ट्यूलिपला बरोबर घेतलं. पण खाणीतून वर आला की आधी माझ्याकडे येतो, मग घरी. त्याचं खोटं नाव 'सुलतान'. राहणी भिकाऱ्याची, म्हणून.

"हे घे शिलिंग. दर सोडतीला लावणार," तो म्हणाला. "वाईटाला त्याचा हप्ता दिला की ते दुसरं दार शोधतं."

"आणि लागली नववी तर?"

"तर तू रडशील आणि मी हसेन. बदल म्हणून बरं."

'कॅनडा'च्या चार चिठ्ठ्या आल्या, चारही नवव्या जागेवर, प्रत्येकीत अर्ध्या पौंडाचं सोन्याचं नाणं. कॅनडा म्हणजे नेड टेस्डेल, माझा जावई. मार्चमध्ये पेगीशी लग्न झालं, नाताळाच्या सुमारास बाळ होईल. बोट, गहू आणि मोकळी हवा याशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, पाळण्याचे पैसे उधळतोस काय?"

"बाबा, नववी लागली तर तीन महिने मरायचंच आहे. मग तिकिटाचे तरी सुटतील ना? नाही लागली तर चांगल्या जागेत दोन पौंड मी महिन्यात भरून काढेन."

हिशेब तसा बरोबर होता. मी घेतले. नेडलाच नववी लागली तर साठ पौंड द्यावे लागतील, आणि साठ पौंड म्हणजे माझा सव्वा वर्षाचा पगार. पण चाळीस जोड्यांत त्याचीच कशी लागेल?

शनिवार, ५ ऑक्टोबर

सोडत झाली. नेडला चौथी. जॉसला नववी. जॉसला तीस शिलिंग दिले. डोकं दुखतंय.

रविवार, ६ ऑक्टोबर

बेला चॅपलला गेली आहे. काल लिहिलं ते खरं आहे, पण पुरं नाही.

साहेबाच्या कारकुनानं जागांच्या टोपीतून आकडा काढला आणि ओरडला, "नऊ!" मी नावांच्या टोपीतून चिठ्ठी काढली, उघडली. 'एडविन टेस्डेल, हार्कर.' एडविन म्हणजे आपला नेड, हार्कर त्याचा जोडीदार. माझंच अक्षर. सोडतीच्या चिठ्ठ्या मीच लिहितो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी वाचलं, "लोव्स आणि ट्यूलिप."

असं का वाचलं? जॉसचंच नाव का? अकरा वर्षं 'नॅट्रस आणि लोव्स' ऐकत आलो, नॅट्रस म्हणजे मी, जिभेवर बसलेलं नाव तेच. दुसरं काही कारण नाही. चिठ्ठी दुमडून मी म्हाताऱ्या गोलंडकडे दिली. तो युनियनचा चिटणीस. प्रत्येक जागेचा आकडा आणि तिच्यावरच्या जोडीची चिठ्ठी तो सुईनं दोऱ्यात ओवत जातो. त्याच्या डोळ्यांवर पडदा आलाय, वाचत काही नाही, नुसता ओवतो. बऱ्याच वेळानं चौथ्या जागेवर जॉसची खरी चिठ्ठी निघाली, तेव्हा मी "टेस्डेल आणि हार्कर" वाचलं आणि सोडत पुरी झाली.

पेगीला सातवा महिना आहे. तिच्या नवऱ्याला त्या डबक्यात पाठवून मी पोरीला तोंड दाखवलं नसतं. मी हे तिच्यासाठी केलं. बाप आहे मी. पैशांचा विचार मनात आलासुद्धा नाही. साठ पौंड माझ्याकडे नव्हतेच, मग त्यांचा विचार करायचा प्रश्न कुठे येतो?

आणि जॉस खूश होता! नाव ऐकून जो हसत सुटला तो सुटलाच. "मॅटी, काढ माझे तीस! जन्मात पहिल्यांदा जिंकलो, तेही नवव्या जागेवर!" अँथनीनं कपाळावर हात मारला. सगळी खोली हसली. मीही हसलो. नाण्यांची थैली उघडली आणि त्याच्या हातावर तीस मोजले.

तीन महिने. नव्वद दिवस असे हां हां म्हणता जातात. पुढच्या सोडतीला जुना दोरा सगळ्यांसमोर शेगडीत टाकायची रीतच आहे, आणि टाकणारा मीच असतो.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

जॉस भेटला. काखेपर्यंत भिजलेला, ओठ निळे. हॅनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्यानं त्या तीस शिलिंगांतून मखमलीची निळी टोपी आणली. त्यावर एक पक्षीही आहे म्हणे.

"कशी आहे जागा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"छत बोलतंय."

"काय म्हणतंय?"

"विचारतंय, मॅटी कुठाय? इतकी वर्षं दोघं यायचात म्हणे."

मी म्हटलं, टेकू जास्त लाव. तो म्हणाला, टेकू लावत बसलो तर कोळसा कधी फोडू, आणि कोळसा फोडला नाही तर पगार तू देणार का? मी देतो म्हणालो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सकाळी दहाला पट्टा थांबला. भोंगा वाजला नव्हता तरी कळलं. मग खाणीच्या विहिरीतला पाळणा वर येऊ लागला, कोळशाऐवजी माणसं घेऊन, हत्यारं खालीच टाकून आलेली. खाणीत कुणी मेलं की त्या दिवशी कुणी काम करत नाही. माणसं वर येतात आणि न बोलता घरी जातात. मी एकेकाचा चेहरा बघत होतो. नेड आला. मला बघून त्यानं टोपी काढली, म्हणजे मला कळलं की कोण.

अँथनी ट्यूलिप शेवटच्या फेरीला आला. त्याचा हात मोडलाय. दुसऱ्या हातानं त्यानं स्ट्रेचरची कड धरली होती आणि सोडायला तयार नव्हता.

रविवार, १७ नोव्हेंबर

जॉसला पुरलं. युनियनच्या निशाणाला काळं कापड, पुढे बँड, मागे सगळं गाव. हॅनानं निळी टोपी काळ्या रंगात बुडवून घातली होती. पक्षी काढून टाकला होता, त्या जागी दोन टाके दिसत होते. मला दुसरं काही दिसेना.

खांदा देणाऱ्यांत नेड होता. परत आल्यावर आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "चिठ्ठी इकडची तिकडे झाली असती तर आज मी असतो. नाही का, बाबा?"

पेगीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. बेलानं बशी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं ती जॉसच्या विचारात असेल.

मी माणूस मारला. हे वाक्य लिहून बघितलं. मग वाटलं, छत मी पाडलं का? जागा वाईट होती, ती कुणालातरी लागणारच होती. पण ती ज्याला लागली होती त्याला मी दिली नाही, आणि ज्याला लागली नव्हती त्याला दिली. कसंही फिरवलं तरी तिथंच येऊन थांबतं.

सोमवार, २ डिसेंबर

गेले दोन शनिवार मी हॅनाकडे पैसे नेऊन देतोय. सांगतो, जॉसनं मरण्याआधी लावून ठेवलेली पैज होती, आता लागली. पहिल्यांदा आठ शिलिंग, परवा बारा. खाणीचं घर तिला तिमाहीअखेर सोडावं लागणार. समुद्राकाठी बहीण आहे, तिच्याकडे जाईल.

"मेल्यावर बराच नशीबवान झाला गं बाई माझा नवरा," ती म्हणाली. "जिवंतपणी तर त्याचा घोडा उलटाच पळायचा."

"असतं एकेकाचं," मी म्हटलं.

तिनं पैसे घेतले आणि कपाटावरच्या बरणीत टाकले. मला आत बसवून तव्यावरची बेदाण्यांची भाकरी दिली, लोणी लावून, जॉसला देत असेल तशी. मी खाल्ली. सगळी संपवली, कारण न संपवणं बरं दिसलं नसतं.

येताना गोलंड भेटला. माझी बाही धरून म्हणाला, "मॅटी, सोडतीच्या दोऱ्यावरच्या चिठ्ठ्या नीट बघायच्या राहिल्यात. तू येऊन बघून जा ना."

"त्यात बघायचं काय? जाळायच्याच तर आहेत."

"हो. जाळायच्या आहेत," तो म्हणाला आणि बराच वेळ बाही सोडलीच नाही. थकलाय फार. चिटणीसपद आता दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवं.

रविवार, १५ डिसेंबर

गोलंडनं कपाटाची किल्ली माझ्याच हातात दिली! "माझ्याकडून हरवेल. सोडतीपर्यंत तू ठेव. कधीही उघड, मला विचारायची गरज नाही." बिचाऱ्याला कल्पना नाही त्यानं कुणाला काय दिलंय.

मी दुपारीच युनियनच्या खोलीत गेलो. दोरा खिळ्याला टांगलेला होता. नऊ आकड्याच्या मागे नेडची चिठ्ठी, माझं अक्षर, स्पष्ट. बाकी सगळा दोरा सरळ, फक्त तिच्या आधी एक गाठ आणि नंतर एक गाठ. म्हाताऱ्याचे हात कापतात, गाठी पडणारच. एक ओढ दिली असती तर चिठ्ठी हातात आली असती. खिशात काडीही होती.

नाही काढली. का ते माहीत नाही. भीती वाटली म्हणावं तर खोलीत कुणी नव्हतं.

किल्ली खिशात ठेवलीय आणि चालताना ती मांडीला लागते.

शनिवार, २८ डिसेंबर

पेगीला मुलगा झाला. काल पहाटे, सगळं व्यवस्थित. नेडनं बाळाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "नाव मॅथ्यू ठेवतोय, बाबा. तुमच्या हातानं चौथी काढली म्हणून याला बाप आहे."

बेला रडली. मीही रडलो, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं. खरंच आनंदही होता, हेच तर वाईट. बाळाची मूठ माझ्या अंगठ्याभोवती होती आणि मला वाटलं, हे मी वाचवलंय, काहीही झालं तरी हे मी वाचवलंय. मग हॅना बाळ बघायला आली. तिनं विणलेले मोजे आणले होते. तिला मूल नाही.

बुधवार, १ जानेवारी १९०८

नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या माणसानं, हातात कोळसा घेऊन टाकायचं असतं. आमच्या घरी वीस वर्षं ते जॉसनं टाकलं. या वेळी बेला म्हणाली, कुणी आलं नाही तर दार बंदच राहू दे.

अँथनी आला. हात अजून झोळीत, दुसऱ्या हातात कोळशाचा तुकडा. "जॉस नाही, म्हणून मी," तो म्हणाला. केस मात्र त्याचे पिकलेत. बेलानं त्याला जवळ घेतलं. मी कोळसा घेतला आणि शेगडीत टाकला. तो पेटायला वेळ लागला. बहुधा ओला असावा.

शुक्रवार, ३ जानेवारी

उद्या सोडत. उद्या दोरा जळेल. काय करायचं ते ठरलंय. मी गप्प बसणार. सांगून कुणाचं भलं होणार? जॉस परत येणार नाही. नेडच्या गळ्यात मेलेला माणूस बांधायचा, पेगीचं दूध आटवायचं, हॅनाला नव्यानं मारायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर मला झोप लागावी म्हणून? त्यापेक्षा न झोपलेलं बरं. ही शिक्षा मी एकट्यानं भोगायची, हेच योग्य.

वाचून बघितलं. फार छान लिहिलंय. पर्व्हिस हरल्यावर असंच छान बोलतो.

शनिवार, ४ जानेवारी

जसं झालं तसं लिहितो.

खोली गच्च भरली होती. नववी जागा नवे टेकू लावून परत टोपीत घातली होती. गोलंडनं माझ्याकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि दोरा माझ्या हातात दिला. "घे, मॅटी. माझे डोळे गेलेत. तुझे शाबूत आहेत." मी शेगडीचं झाकण उघडलं.

तेवढ्यात अँथनी गर्दीतून पुढे आला आणि माझ्या रिकाम्या हातात कागदात गुंडाळलेलं नाणं दाबलं. "जॉसचं शिलिंग," तो हळू म्हणाला. "दर सोडतीला लावणार म्हणाला होता. मोडू नये. नाव मी एकाकडून लिहून घेतलं." कागदावर 'सुलतान' लिहिलं होतं.

एका हातात दोरा, एका हातात ते. जाळानं तोंड भाजत होतं. अंगठ्याखाली गाठ लागली, मग दुसरी गाठ. कापऱ्या हातांनी पडलेल्या गाठी नव्हत्या त्या, दुहेरी आणि घट्ट होत्या. मी गोलंडकडे बघितलं. तो माझ्या दिशेनं बघत होता आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

मी झाकण लावलं आणि वाचलं. "नऊ. एडविन टेस्डेल, हार्कर."

"ही तर गेल्या वेळची," कारकून म्हणाला. "नऊ लोव्सला लागली होती."

"नाही," मी म्हटलं. "नऊ नेडला लागली होती. मी लोव्स वाचलं."

हार्कर मटकन बाकावर बसला. नेडचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्याच्या तोंडून निघालं, "म्हणजे कॅनडा लागली होती..." आणि लगेच त्यानं ओठ चावला. पण ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं.

"किती लावले होते पोरानं?" अँथनीनं विचारलं.

मी पेगीचं नाव घेणार होतो. तीन महिने ते वाक्य तयार होतं, पोटुशी पोर, बापाचं काळीज. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दोन पौंड."

"आणि भाव?"

"एकाला तीस."

मागून कुणीतरी म्हणालं, "साठ." अँथनीला लिहिता-वाचता येत नाही, पण हिशेब त्याला येतो.

"आणि जॉसचं शिलिंग," तो म्हणाला. "त्याचे तीस शिलिंग." "जॉस तुला स्वस्तात पडला, मॅटी."

तोपर्यंत मला खरोखर वाटत होतं की मी ते पेगीसाठी केलं. देवाशपथ वाटत होतं. त्या क्षणी आठवलं, "नऊ" ऐकून चिठ्ठी उघडली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पेगी आलीच नव्हती. ही वही आली होती, पुढच्या बाजूनं उघडलेली, आणि मी तिच्यात सगळ्यात कमी देणं कुणाचं ते शोधलं होतं.

मारतील असं वाटलं होतं. कुणी हात लावला नाही. त्यांनी फक्त वाट करून दिली. गोलंड दाराशी म्हणाला, "गाठी मी मारल्या. नात वाचून दाखवते मला, पक्की यादी करताना कळलं. जॉसला पुरलं त्याच आठवड्यात. तू स्वतः सांगशील म्हणून थांबलो."

"मी जाळली असती तर?"

"तर मी तोंड मिटून उरलेला जन्म तुझ्या शेजारी बाकावर बसलो असतो," तो म्हणाला. "आता बसता येणार नाही."

त्यानंतर सोडतीत नावं कुणी काढली ते मला माहीत नाही. मी घरी आलो आणि वहीची पुढची पानं फाडून शेगडीत टाकली. बेलानं विचारलं नाही. तिला बशीच्या दिवशीच कळलं होतं, असं ती आता म्हणते.

रविवार, ५ जानेवारी

सकाळी पेगीचा निरोप आला. बाळाचं नाव अजून चॅपलच्या नोंदीत गेलेलं नाही, दुसरं ठेवत आहेत. नेडनं चौथ्या जागेत कमावलेला पैसा हॅनाला नेऊन दिला, तिनं दारातूनच परत केला. तो अजून घरी बोलत नाही म्हणे.

दुपारी हॅना आली. टोपी नव्हती, डोक्याला नुसती शाल. बसली नाही. बरणी टेबलावर ठेवली. आत माझे सगळे पैसे होते, एकालाही हात न लावलेले.

"मेलेला माणूस दर शनिवारी जिंकत नसतो, हे मला कळत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला त्याची आठवण येते म्हणून देतोस. लाजेनं खोटं सांगतोस. म्हणून घेत होते."

मी काहीतरी म्हणायला गेलो.

"थांब. मला एकच सांगायचंय. त्या दिवशी तो हसत घरी आला. नववी लागली आणि हसत आला! तीस शिलिंग टेबलावर ओतले, मला उचललं आणि स्वयंपाकघरात गोल फिरवलं. चोवीस वर्षांत कधी केलं नव्हतं. माझी चप्पल उडून शेगडीजवळ पडली. तो गेल्यापासून मी रोज तेवढंच आठवत बसायची. दुसरं काही नको वाटायचं." तिनं शाल ओढून घेतली. "कालपासून आठवायला जाते तर तो दिसत नाही. तू दिसतोस, त्याच्या हातावर पैसे मोजताना. तेवढंही तू ठेवलं नाहीस, मॅटी."

ती गेली. दार तिनं आपटलं नाही, आमच्या घरात कुणी झोपलं असावं तसं हळूच लावलं.